रंगाचे पाणी, गावाचे सांडपाणी आणि ओझोनचे यंत्र

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर अशा कोणत्याही यंत्रमागाच्या गावी जा. ज्या भागात रंगाईचे काम चालते तेथील नाला पाहून आज कोणत्या शेडची ऑर्डर चालू आहे हे जाणकार माणूस सांगू शकतो. आमच्या धंद्यातील ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे आणि तिच्याविषयी बोलणे सर्वजण टाळतात. नोटीस आली की धावपळ होते, थोडे दिवस काम थंडावते, आणि मग पुन्हा मागचे पाढे पंचावन्न.

अशा वेळी यंत्रे विकणारे एजंट गावात फिरू लागतात. ‘ओझोनचे मशीन बसवा, पाणी काचेसारखे होईल, मंडळाची कटकट संपेल,’ असे ते सांगतात. बाटलीत गडद निळे पाणी भरून त्यात नळी सोडतात आणि दहा-पंधरा मिनिटांत ते पांढरे करून दाखवतात. यात हातचलाखी नाही, पाणी खरोखर पांढरे होते. पण बाटलीत झाले म्हणजे कारखान्यात परवडेल काय? पांढरे झालेले पाणी स्वच्छ झाले काय? कर्ज काढून यंत्र घेण्याआधी आमच्या कारखानदार व कारागीर बांधवांनी या दोन प्रश्नांची उत्तरे समजून घ्यावीत, म्हणून हा लेखप्रपंच.

ओझोन म्हणजे काय?

आपण श्वासावाटे घेतो त्या ऑक्सिजनच्या एका कणात दोन अणू असतात. ओझोनमध्ये तीन असतात. तिसरा अणू फार काळ टिकून राहत नाही. समोर जे सापडेल त्याच्याशी तो संयोग पावतो, म्हणजेच त्याला जाळतो असे म्हटले तरी चालेल. रंगाचा कण, दुर्गंधी निर्माण करणारे पदार्थ, जंतूंचे आवरण या सर्वांवर तो हल्ला करतो. काम झाल्यावर मागे साधा ऑक्सिजन उरतो. क्लोरीनप्रमाणे पाण्यात त्याचा अंश दिवसभर राहत नाही.

जर्मन-स्विस रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन याने १८३९ साली या वायूचा शोध लावला. विजेच्या ठिणगीजवळ येणाऱ्या उग्र वासावरून त्याला हा वायू सापडला, आणि ग्रीक भाषेतील ‘वास येणे’ या अर्थाच्या शब्दावरून त्याने त्याला नाव दिले. १८५७ साली जर्मनीतील सीमेन्स याने ओझोन बनवणारी नळी तयार केली. आजची यंत्रेही त्याच तत्त्वावर चालतात. दोन धातूंच्या मध्ये काच किंवा चिनीमातीचा पडदा ठेवून हजारो व्होल्टचा दाब देतात व मधल्या फटीतून कोरडी हवा किंवा शुद्ध ऑक्सिजन सोडतात. हवा वापरली तर बाहेर पडणाऱ्या वायूत ओझोन शेकडा एक ते तीनच निघतो. शुद्ध ऑक्सिजन वापरल्यास हे प्रमाण शेकडा दहाच्या पुढे जाते. विजेचा मोठा भाग मात्र उष्णतेत वाया जातो, म्हणून यंत्राला थंड पाण्याचा पुरवठा सतत लागतो.

ओझोन साठवून ठेवता येत नाही. सिलिंडर भरून आणावे आणि लागेल तसे वापरावे अशी ही वस्तू नव्हे. जेथे लागेल तेथेच, लागेल त्या क्षणी बनवावी लागते. म्हणजे वीज गेली की काम थांबले. लोडशेडिंगच्या गावांनी ही बाब प्रथम ध्यानात घ्यावी.

प्रातो गावचा धडा

या विषयावर उदाहरण शोधू लागल्यावर आमचे लक्ष इटलीतील प्रातो या शहराकडे गेले. फ्लॉरेन्सपासून हे शहर अवघ्या वीस किलोमीटरवर, बिझेन्झियो नदीच्या काठी वसलेले आहे. वस्ती सुमारे दोन लाख. कापडाचा धंदा तेथे मध्ययुगापासून चालत आला आहे. १४१० साली वारलेल्या फ्रान्चेस्को दातीनी या तेथील व्यापाऱ्याची सुमारे दीड लाख पत्रे आणि पाचशेच्या आसपास हिशेबवह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकापासून प्रातोने जुने लोकरी कपडे व चिंध्या वेगळ्या करून, त्यांचा पुन्हा धागा काढून कापड विणण्यात नाव कमावले.

आमच्या वाचकांना जवळची वाटेल ती तेथील धंद्याची रीत. प्रातोत सगळे काम एका छपराखाली करणाऱ्या मोठ्या गिरण्या थोड्या. व्यापारी ऑर्डर आणतो आणि कातणाऱ्याला, विणणाऱ्याला, रंगवणाऱ्याला, फिनिशिंग करणाऱ्याला वेगवेगळे काम देतो. हे सर्व लहान कारखानदार मजुरीवर काम करणारे, म्हणजे आपल्याकडच्या जॉबवर्कवाल्यांसारखेच. अशा लहान रंगाऱ्याने स्वतःच्या अंगणात पाणी शुद्ध करण्याचा पूर्ण प्लांट कोठून उभारावा?

१९७६ साली इटलीत पाणी प्रदूषणाविरुद्ध कडक कायदा झाला. तेव्हा प्रातोपुढेही हाच प्रश्न उभा राहिला. त्यांनी काढलेला मार्ग असा : गावाचे घरगुती सांडपाणी आणि कापड कारखान्यांचे पाणी एकाच मोठ्या केंद्रात न्यायचे. बाचाकावाल्लो येथील हे केंद्र १९८० साली सुरू झाले. ते चालवण्यासाठी १९८१ साली ‘जीदा’ नावाची कंपनी स्थापन झाली. तीत नगरपालिका आणि उद्योजकांची संघटना यांचे भाग जवळजवळ सारखे असून उरलेला थोडा भाग सार्वजनिक सेवा कंपनीचा आहे. म्हणजे ज्यांच्यामुळे पाणी मळते ते आणि ज्यांच्या गावातून ते वाहते ते, दोघेही एकाच टेबलाशी बसतात. पाणी किती सोडले आणि ते किती मळलेले होते, दोन्ही पाहून कारखान्याकडून आकार घेतला जातो.

ओझोन येथे वापरला जातो, पण तो सर्वांत शेवटी. आलेले पाणी आधी मोठ्या टाक्यांत एकत्र करून त्याचा चढउतार सारखा केला जातो. गाळ खाली बसवतात. मग हवा देऊन जिवाणूंकरवी त्यातील सेंद्रिय घाण खाऊन टाकवतात. पुन्हा गाळ बसवतात. त्यानंतर रसायन टाकून उरलेले बारीक कण गोळा करून काढतात. इतके सर्व झाल्यावर पाण्यात जो चिवट रंग आणि साबणासारख्या पदार्थांचा अंश शिल्लक राहतो, त्याच्यावर ओझोन सोडला जातो. मग ते पाणी ओम्ब्रोने नदीकडे आणि पुढे आर्नो नदीकडे जाते.

सर्व पाणी नदीत जात नाही हे विशेष. त्यातील काही भाग आणखी गाळून वेगळ्या नळांनी पुन्हा कापड कारखान्यांना पुरवला जातो. प्रातोत कारखान्यांसाठी असा स्वतंत्र नळपुरवठा आहे. रंगाचा अंश राहिलेले पाणी घेऊन कोणता रंगारी हलक्या शेडचे काम करील? रंग जातो म्हणूनच ते पाणी पुन्हा कामाचे ठरते. टँकरच्या पाण्यावर धंदा करणाऱ्या आमच्या बांधवांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

शेवटी का? हिशेब पाहा

ओझोनला मित्र-शत्रू ओळखता येत नाही. पाण्यात रंगाबरोबर खळ असेल, साबण असेल, तेल असेल, मैला असेल, तर तो या सर्वांवर खर्च होतो. ज्या घाणीला जिवाणू जवळपास फुकटात खातात, तिच्यावर महाग वीज जाळण्यात अर्थ नाही.

समजण्यासाठी एक अंदाजी हिशेब मांडतो. ऑक्सिजनसह सर्व खर्च धरून एक किलो ओझोनला १५ युनिट वीज लागते आणि युनिटचा दर ९ रुपये आहे असे धरू. आधी पूर्ण प्रक्रिया झालेल्या पाण्याला हजार लिटरमागे २० ग्रॅम ओझोन पुरला, तर दिवसाच्या १० लाख लिटरला २० किलो ओझोन, म्हणजे ३०० युनिट, म्हणजे २,७०० रुपये लागतील. हजार लिटरमागे २ रुपये ७० पैसे पडले. तोच ओझोन रंगाच्या हौदातून निघालेल्या कच्च्या पाण्यात सोडला आणि हजार लिटरमागे ५०० ग्रॅम लागला, तर खर्च २५ पट, म्हणजे हजार लिटरमागे ६७ रुपये ५० पैसे होईल. यात यंत्राची किंमत, दुरुस्ती व माणसांचा पगार धरलेला नाही. प्रत्येकाच्या पाण्याप्रमाणे हे आकडे बदलतील, पण तफावत याच जातीची राहील.

बाटलीतला खेळ आणि कारखान्याचा व्यवहार यांतील अंतर ते हेच. बाटलीत एक लिटर पाणी असते, कारखान्यात दिवसाला लाखो लिटर.

ओझोन काय करीत नाही?

पहिली गोष्ट, मीठ. कापसाला रिअॅक्टिव्ह रंग चढवताना आपण मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट भरपूर टाकतो. ते सर्व पाण्याबरोबर बाहेर येते. ओझोन रंगाचा कण तोडतो, मिठाला हात लावीत नाही. पाणी काचेसारखे दिसेल आणि शेतात सोडले तर जमीन खारवून टाकील. केंद्र सरकारने २०१६ साली कापड उद्योगासाठी ठरवलेल्या मर्यादा पाहा : रंग १५० एकक, बीओडी ३०, सीओडी २५०, आणि विरघळलेले क्षार २,१०० मिलिग्रॅम प्रतिलिटर. यांतील रंगाची अट ओझोन पुरी करू शकेल. सीओडी त्याने थोडा कमी होतो, क्षार तसेच राहतात. प्रातोत लोकरीचे काम मोठे आहे आणि लोकरीला कापसाइतके मीठ लागत नाही, हा फरक विसरून त्यांची नक्कल केल्यास फसगत होईल.

दुसरी गोष्ट, सर्व रंग सारखे नव्हेत. रिअॅक्टिव्ह, अॅसिड आणि डायरेक्ट हे पाण्यात विरघळणारे रंग ओझोनने लवकर तुटतात. पॉलिस्टरसाठी वापरतात ते डिस्पर्स रंग आणि व्हॅट रंग पाण्यात नीट विरघळत नाहीत, त्यांच्यावर तो जोर चालत नाही. ते रसायन टाकून गाळात काढणेच बरे.

तिसरी गोष्ट, रंगाचा कण तुटला म्हणजे नाहीसा झाला असे नाही. त्याचे बारीक तुकडे पाण्यात राहतात. काही वेळा ओझोननंतर पुन्हा वाळूच्या किंवा कोळशाच्या थरातून पाणी गाळावे लागते.

मिठाकडे दुर्लक्ष केले तर काय होते हे तामिळनाडूतील तिरुपूरने भोगले आहे. तेथील रंगाईचे पाणी नोय्यल नदीत जाऊन ओरथुपालयम धरणात साठले आणि खालच्या शेतकऱ्यांची जमीन व विहिरी बिघडल्या. प्रकरण कोर्टात वर्षानुवर्षे चालले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई व ब्लीचिंगचे सुमारे सातशे कारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. कारखाने बंद, ऑर्डरी दुसऱ्या गावी गेल्या, मजूर घरी परतले. नंतर ज्यांनी सामाईक केंद्रात पाणी पूर्ण परत वापरण्याची आणि मीठ वेगळे काढण्याची सोय केली, ते हळूहळू सुरू झाले. मोठे कारखानदार सावरले. लहानाला महिनोन्महिने बंद धंद्याचे हप्ते भरणे कसे जमणार? आमच्या गावांवर ही वेळ येऊ नये, यासाठी आताच जागे व्हावयास हवे.

गावाच्या सांडपाण्याचे काय?

रंग डोळ्यांना दिसतो म्हणून बोट रंगाऱ्याकडे दाखवले जाते. न दिसणारे जंतू गावाच्या गटारातून येतात. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले की हा रोग पसरतो. तेव्हा नदी स्वच्छ करायची तर कारखाना आणि गाव या दोघांनीही हिशेब द्यावयास हवा.

गावाच्या सांडपाण्यावर शेवटचा हात फिरवण्यासाठी बहुतेक ठिकाणी क्लोरीन वापरतात. तो स्वस्त आहे. पण सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थांशी त्याचा संयोग होऊन घातक पदार्थ बनतात आणि उरलेला क्लोरीन माशांना मारतो. ओझोन जंतू व विषाणू लवकर मारतो आणि पाण्यात ऑक्सिजन वाढवतो. अमेरिकेत मिसुरी राज्यातील स्प्रिंगफील्ड शहराने १९७८ पासून सांडपाण्यासाठी ओझोन वापरला. आफ्रिकेतील नामिबियाची राजधानी विंडहूक येथे १९६८ पासून गावाचे सांडपाणी शुद्ध करून पिण्यासाठी परत वापरतात. तेथील २००२ सालच्या नव्या केंद्रात ओझोन ही अनेक पायऱ्यांपैकी एक पायरी आहे. स्वित्झर्लंडने २०१६ पासून मोठ्या व महत्त्वाच्या केंद्रांना सांडपाण्यातील औषधांचे अंश काढणे बंधनकारक केले. त्यासाठी तेथे ओझोन किंवा कोळशाची पूड वापरतात.

खर्च कोणी सोसावा याबद्दलही नवा विचार पुढे आला आहे. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या नियमात औषधे व सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्या कंपन्यांनी अशा जादा प्रक्रियेचा किमान शेकडा ८० खर्च उचलावा असे ठरवले आहे. ज्याच्या मालामुळे पाणी मळते त्याने पैसे द्यावेत, हा न्याय आहे. तो आपल्यालाही लागू होतो. पण त्याबरोबरच, मजुरीवर काम करणाऱ्या रंगाऱ्यावर सगळा बोजा टाकून माल उचलणारा व्यापारी मोकळा राहतो, हेही बरोबर नाही. रंगाईच्या दरात पाणी शुद्ध करण्याचा खर्च वेगळा धरला गेला पाहिजे.

हे पाणी पाक आहे काय?

परत वापरण्याच्या पाण्याची गोष्ट निघाली की हा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात येणारच. फिकहमध्ये पाण्याची पारख रंग, वास आणि चव या तीन गुणांवरून केली जाते. सौदी अरेबियातील ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेने १९७८ साली या विषयावर निर्णय दिला. नाजिस पाण्यावर आधुनिक पद्धतीने अशी प्रक्रिया केली की रंग, वास व चव यांत घाणीचा काहीही अंश उरला नाही, तर ते पाणी पाक समजावे व वजू-गुस्लसाठी वापरता येईल, असा त्याचा आशय आहे. पिण्यासाठी मात्र आरोग्याच्या दृष्टीने ते टाळणे बरे, असेही त्यात म्हटले आहे. आपल्या गावी असा प्रसंग आल्यास स्थानिक उलेमांना प्रक्रियेची पूर्ण माहिती देऊनच त्यांचे मत घ्यावे. कारखान्यातील धुलाई-रंगाईचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे.

यंत्र घेण्याआधी विचारा

विक्रेता दारी आला तर त्याला पुढील प्रश्न विचारावेत व उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत :

१. यंत्र तासाला किती ग्रॅम ओझोन देते? हवेवर की ऑक्सिजनवर? वायूत शेकडा किती?

२. एका किलोला एकूण वीज किती? केवळ नळीची नव्हे, ऑक्सिजन, कॉम्प्रेसर आणि थंड पाण्याचा पंप धरून सांगा.

३. चाचणी कोणत्या पाण्यावर केली? आमच्या हौदातील, आमच्या रंगांच्या पाण्यावर प्रयोगशाळेत चाचणी करून सीओडी, रंग व क्षार यांचे आधीचे आणि नंतरचे आकडे द्याल काय?

४. पाण्यात न मुरलेला ओझोन कोठे जातो? तो नष्ट करणारे उपकरण आणि गळतीची घंटा किमतीत धरली आहे काय?

५. जोडण्या कशाच्या? साध्या रबराचे वॉशर ओझोनने तडकतात. पाइप चांगल्या स्टेनलेस स्टीलचे आणि पॅकिंग टेफ्लॉनसारखे हवे.

चौथा प्रश्न पैशाचा नसून जिवाचा आहे. ओझोन फुफ्फुसाला घातक आहे. आठ तास काम करणाऱ्यासाठी हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग ही मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. त्याहून कमी असतानाही वास येतो, पण थोड्या वेळाने नाक सरावते आणि वास येईनासा होतो. म्हणून नाकावर भरवसा ठेवू नये. बंद खोलीत यंत्र बसवून कामगाराला तेथे झोपायला सांगणारे मालक आमच्यात नसावेत.

आता करावयाचे काय?

एकट्या लहान कारखानदाराने ओझोनच्या यंत्रात पैसे घालू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. आधी घरातील सुधारणा कराव्यात : कमी मिठात चढणारे रंग, शेवटच्या धुलाईचे पाणी पुढच्या लॉटच्या पहिल्या धुलाईला, गडद हौदाचे पाणी वेगळे साठवणे. यासाठी फारसा खर्च नाही.

दुसरे, आपल्या भागातील रंगाई कारखान्यांची संस्था नोंदवावी आणि नगरपालिका व प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याशी सामाईक केंद्राविषयी लेखी बोलणी करावी. परवानगीशिवाय रंगाचे पाणी गावाच्या गटारात सोडण्यास कायद्याने मनाई आहे. चोरून सोडण्याऐवजी परवानगीने, मोजून आणि पैसे भरून देण्याची सोय मागावी. केंद्राच्या कारभारात कारखानदारांचा भाग व मत असावे असाही आग्रह धरावा. ओझोनची पायरी त्या केंद्रात शेवटी, गरजेप्रमाणे येईल.

तिसरे, आमच्या तरुणांसाठी यात रोजगार आहे. अशी केंद्रे चालवायला फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आणि पाणी तपासणारे लागतात. आयटीआय किंवा केमिस्ट्री शिकलेल्या मुलांनी या कामाकडे लक्ष द्यावे.

प्रातोच्या रंगाऱ्यांनी नगरपालिकेला भागीदार केले आणि मळलेल्या पाण्याचे पैसे स्वतः भरले. त्या पाण्याचा काही भाग आज त्यांच्याच हौदात परत येतो. तिरुपूरने उशीर केला, तेव्हा निर्णय कोर्टाने घेतला. आमच्या गावांत अजून वेळ आहे. रंगाई कारखानदारांनी येत्या महिन्यात एक बैठक तरी घ्यावी आणि वर दिलेले आकडे समोर ठेवून चर्चा करावी, अशी आमची त्यांना विनंती आहे.